मना

चौदावी रांग, तिकीट तीनशेचं.
ठाण्याहून बसने आले. नौपाड्यात कुणाला बोलले नाही
की निहार तांडेल ऐकायला वाशीला चाललेय.
बोलले असते तर "कोण तांडेल?"
मग "अगं, तो गुंड्या!"
मग सगळ्यांना एकदम आठवला असता
बुधवार, रात्री साडेआठ,
पुढचे दोन दात पडलेला मुलगा, अंगात थोरल्या भावाचा सदरा
आणि तो आवाज.

तो आवाज माझा.

अडतीस वर्षांची होते मी,
घशात आठ वर्षांचं एक पोर सांभाळून होते,
त्या पोराच्या जिवावर घराचा हप्ता जायचा.
निर्मात्यांना चेहरा हवा होता दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला
आणि भाषा आमच्या गल्लीतली.
काचेच्या खोलीत, कानावर हेडफोन,
समोर पडद्यावर त्याचं तोंड हलायचं, मुकं.
तो म्हणत असायचा, "मना भूक लागली."
मी म्हणायचे, "मला भूक लागली."
न काय, ल काय, जीभ टेकते दातांमागेच,
कुणाला कळलं नाही.
मला दर बुधवारी कळायचं.

एकदाही भेटलो नाही.
त्याचं शूटिंग सकाळी, माझं काम रात्री.

तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटला.
माझा कुठे फुटला?
मी पुढे बिस्किटांत आठ वर्षांची राहिले,
दंतमंजनात सहा वर्षांची,
थायरॉइडचं ऑपरेशन होईपर्यंत.

त्याचं उडत उडत कानावर यायचं.
बापाच्या होडीवर जातो म्हणे. मग हळदीत गातो म्हणे,
करावे, सारसोळे, रात्री दोन दोन वाजेपर्यंत.
बॅनरवर त्याचं नाव बारीक,
फोटो जुना, बिनदातांचा, हा एवढा मोठा.
लोक आधी सदऱ्याचं विचारायचे, मग गाण्याचं.
वीस वर्षं.

आज बॅनरवर फोटो नाही. नुसतं नाव.

वरचा षड्ज हलतो त्याचा.
मी ऐकते तशीच, दोष काढत, ती खोड जात नाही.
खाली मात्र खर्जात ओल आहे,
भरतीचं पाणी उतरल्यावर चिखल चमकतो तशी.

मध्यंतरानंतर मागून कुणीतरी ओरडलं,
"गुंड्या, चंद्र! तो चंद्राचा डायलॉग!"
हॉल हसला. शिट्ट्या.
त्याने ढोलकीवाल्याकडे पाहिलं. पाणी प्यायला.
"तो आवाज माजा नवता, दादा," म्हणाला.
"कोन बाई होती. मना कदी भेटली नाय.
आये टीवी लावायची नि बोलायची,
ह्यो माजा पोर नाय.
लय वर्सं राग होता माजा तिच्यावर."
जरा थांबला.
"बोलायची बाकी झ्याक."

चंद्राचं वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं,
"बाबा, आज चंद्र पण उपाशी आहे का?"
दोन महिने त्या वाक्यावर रडत होता महाराष्ट्र.
उभी राहून म्हटलं असतं तर
सगळा हॉल मागे वळला असता.
पर्सची चेन उघडली, लावली.

त्याने पेटी पुढे ओढली.
आईचं गाणं होतं, बेलापूरच्या बाजारात
चिंबोऱ्यांच्या नांग्या दोऱ्याने बांधणाऱ्या आईचं.
समेवर शब्द आला, "मना".
त्याने तो सोडला नाही, चार मात्रा धरून ठेवला,
न असा स्वच्छ, की माझीच जीभ
टाळूकडे गेली.

तेव्हा लक्षात आलं, माझे ओठ हलताहेत.
त्याच्या शब्दाला शब्द लावून, बरोब्बर,
आणि आवाज नाही.
शेजारची छोटी मुलगी वाकून
माझ्या तोंडाकडे बघत होती.

शेवटची बस दहा चाळीसची आहे.
अजून दोन गाणी होतील.