टॉवेल

खानापूर गाडी फलाटाला लागायच्या आधीच
अप्पा खिडकीतून टॉवेल टाकायचे.
एक जागा. फार तर दोन.
अख्खी गाडी कुणाला धरता येत नाही, म्हणायचे.

असल्याच एका धरलेल्या बाकावर
त्यांनी मला ती गोळी समजावली.
पलटणीत नर्सिंग असिस्टंट होते. विषारी वायूच्या सरावात
दर आठ तासांनी जवानांच्या तळहातावर ठेवायचे,
गिळल्याशिवाय पुढं सरकू द्यायचे नाहीत.
पोटात मुरडा, रात्रभर पळापळ,
आणि वायू काही आला नाही कधी.

“गोळी वाचवत नाही, शेवंते. जागा धरते.
विष यायच्या आत थोड्या जागांवर बसून राहते,
वेळ झाली की आपणहून उठते.
तिथं मग श्वासाला टेकता येतं.
पण मागनं सुई पाहिजेच.
सुई नसली तर नुसता टॉवेल,
माणूस खालीच राहिला.”

आणि विष आल्यावर घेतली तर?

“मग ती विषाच्याच बाजूची.”

काल रात्री दीडला, निपाणीच्या आमच्या दवाखान्यात
भरमू हंचिनमनी आला, टेंपोच्या हौद्यातून.
तंबाखूवर फवारताना पाठीवरचा पंप गळलेला.
बाहुल्या मोहरीएवढ्या, तोंडाला फेस,
मांडीचं मांस आपलं आपण फडफडत.
फवारणीवाल्यासाठी कोण टाकणार टॉवेल?
गाडी आधीच भरलेली.

सदरा कापला. साबणानं धुतला त्याला, दोनदा.
डॉक्टर हुद्दार अ‍ॅट्रोपिन म्हणाले की मी कुपी मोडायची,
पुन्हा म्हणाले की पुन्हा,
छातीतली घरघर वाळेपर्यंत.
दुसरं औषध, बसलेल्याला उठवणारं,
चिकोडीहून यायचं होतं.
उशीर झाला की विष जागेला चिकटतं,
मग कुणाच्या बापाला उठत नाही.

त्याची बायको दारातून विचारत होती,
उसिरु? उसिरु?
माझं कन्नड फॉर्म भरण्यापुरतं.
पण हा शब्द येतो.
इदे, म्हटलं. आहे.

औषध तीनला आलं.
वेळेत आलं का, ते अजून कळायचंय.
पहाटे बाहुल्या ज्वारीएवढ्या होत्या
आणि तो कुणाला तरी शिव्या देत होता, बहुतेक पंपाला.

सकाळी स्टँडवर
कुणीतरी खिडकीतून टॉवेल आत टाकला.
कंडक्टर दोन्ही भाषांत ओरडला.
मी त्या टॉवेलाशेजारी बसले,
आणि मालक चढायच्या आतच
डोळा लागला.