सुन्नुवाच्या दारात

अकरा वर्षं मी वाऱ्याचं नाव सांगितलं.
फेरो बेटांवर ते सहज खपतं;
इथं वारा कड्यावरून मेंढ्या उचलून नेतो,
तिथं होडीची काय कथा.
दोन फळ्या तेवढ्या सापडल्या.

दर रविवारी, छपरावर गवत उगवलेल्या
त्या काळ्या लाकडी देवळात
सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायचो,
"प्रभू, आम्ही पाप केलं आहे."
आम्ही.
केवढा ऐसपैस शब्द!
मागच्या बाकावरचा माणूस
त्यात कोटासकट मावतो.

काल धक्क्यावर छोट्या ब्रांदुरनं विचारलं,
"हानुसआजोबा, वाऱ्याला गाठ सोडता येते?"
मी जाळं झटकत राहिलो.

आज देवळातून घरी गेलो नाही.
टेकडी चढलो.
सुन्नुवानं दार उघडलं,
हातात अर्धा सोललेला बटाटा.
"माझ्या हातून सुटली..." म्हणालो
आणि थांबलो.
आता हातावर ढकलतोय?

"मी सोडली.
तुझ्या नवऱ्याच्या होडीची दोरी.
माझी आत घ्यायची होती.
परत बांधताना घाई केली, एकच वेढा दिला."

खाली समुद्र नेहमीसारखाच,
कुणाचीच बाजू न घेणारा.

तिनं बटाटा ठेवला, हात पुसले,
खुंटीवरची दोरी काढून माझ्यासमोर टाकली.
"दाखव, कशी बांधली होतीस."

खुर्चीच्या पायाला मी एक वेढा दिला.
बोटं ऐकत नव्हती.
ती बराच वेळ त्या वेढ्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली,
"आता दुसरा दे."