मेण न पुसण्याचे पैसे

अंबडच्या शेडमध्ये सकाळी सातला
मेण अजून दगड असतं.
कार्नोबाच्या पिवळट ढेपा
हातोडीखाली काचेसारख्या तडकतात;
मधमाश्यांचं मेण नुसतं दबतं,
नखाची खूण जपून ठेवतं.
पॅराफिन गप्प. ना वास, ना रंग.
भावाचा विषय निघाला की मात्र तेच पुढे असतं.

केटलीशी शेवंता पगार.
थर्मामीटर लटकलेला आहे, तरी ती बघते
कडेला शेवटचा खडा कसा विरतो ते.
मग बर्नर बंद, खिडकी उघडी,
आणि टर्पेंटाइनची बारीक धार.
"घाई केली सर, तर डबीत कण बसतो.
बुटावर घासला की बोलतो."
मी वहीत लिहितो : शहाऐंशी अंश.
कण बोलतो, याला रकाना नाही.

इथे येण्याआधी अकरा हंगाम
ती पिंपळगावला द्राक्षं भरायची.
घड धरायचा तो देठाला. मण्याला बोट लावायचं नाही.
मण्यावरची ती पांढुरकी पूड, तेही मेणच,
वेलीने स्वतः चढवलेलं, पाणी आत राहावं म्हणून.
बोट लागलं की तिथे काळा, चकचकीत डाग,
आणि पेटी परत.
"तिकडं मेण न पुसण्याचे पैसे मिळायचे,
इकडं पुसण्याचे," ती म्हणते, आणि हसत नाही.

चमक मेणात नसते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं.
मेण ओरखडे भरतं,
उजेडाला अडखळायला जागा उरत नाही, एवढंच.

यंदा शेठनी कार्नोबा निम्मा केला.
डिसेंबरात निफाडकडून गारठा आला
आणि गोदामातल्या नऊशे डब्यांतलं पॉलिश
कडा सोडून आक्रसलं,
काळ्यावर पांढरी साय.
मी कारणं लिहीत बसलो : थंड होण्याचा वेग, तेलाचं प्रमाण.
निम्मं खरं होतं.

शेवंताने एक डबी उघडली,
उजेडाकडे तिरपी धरली.
"द्राक्षावर येते तशी आलीय," म्हणाली.
वितळवायच्याच होत्या सगळ्या, आज नाही तर उद्या.
तरी तिने ती डबी टेबलावर ठेवली
कडेला दोन बोटांनी धरून,
मधे कुठे हात लागू न देता.