राजीखुशीने

मी दस्त लिहितो.
रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्यांसमोर, लिंबाखाली
एक टेबल, एक छत्री, एक जुना लॅपटॉप.
नारळी पौर्णिमा उलटली की माझा सीझन सुरू.
मनगटावरची राखी मळायच्या आत
भाऊ बहिणींना घेऊन येतात.

आज साखर पेठेतले मादगुंडी.
काल मार्कंडेयाच्या रथापुढं दोघे भाऊ नाचले,
नवं जानवं सदऱ्यातनं अजून पिवळं दिसतंय.
मधे अक्का. पोशम्मा.
वय आधारवर बासष्ट, खरं तिलाही माहीत नाही.
पिशवीत भावांनी घेतलेली साडी,
घडी न मोडलेली.

मजकूर माझ्या बोटांना पाठ आहे:
‘माझे लग्न वडिलांनी यथाशक्ती करून दिले,
भावांशी प्रेमाचे संबंध कायम राहावेत म्हणून
सदर मिळकतीतील माझा हक्क
राजीखुशीने, विनामोबदला,
कोणाच्याही दबावास बळी न पडता...’
नावं बदलायची, चतुःसीमा बदलायच्या.
पूर्वेस बोळ, पश्चिमेस येमुल यांचे घर,
दक्षिणेस मारुती.
मारुतीची हरकत कधी येत नाही.

कायदा आला दोन हजार पाचला.
मुलीचा वाटा मुलाएवढा, म्हणाला,
आणि उंबऱ्याबाहेर चप्पल काढून
उभा राहिला, परक्या पाहुण्यासारखा.
आत पंगत बसली होती.
कुणी ‘या’ म्हणालं नाही.

‘अंगठा ठेवा.’
ठेवला. यंत्र लाल.
‘पुन्हा.’ लाल.
क्लार्कनं रुमालानं काच पुसली, मग तिचा अंगठा पुसला,
उजेडात धरून बघितला.
‘विडीवाल्या का?’
‘नऊ वर्षांची होते, तवापासनं.’
रोज हजार. पान भिजवायचं, कापायचं,
चिमूट तंबाखू, वळवायचं,
अंगठ्यानं तोंड दुमडायचं, दोरा.
रेषा कुठल्या विडीबरोबर गेल्या, कोण सांगणार?
कारखानदारानं मोजल्या त्या विड्या.

‘डावा आणा.’ लाल.
तर्जनी. लाल.
लिंबू चोळून झालं, बाम लावून झाला.
धाकटा तापला, ‘काय बे, मशीन खराब हाय का?’
‘मशीन चांगली हाय ओ. अंगठाच नाही.’

जेवणाची सुट्टी. ती माझ्या टेबलाशी आली,
स्टुलावर न बसता खाली बसली.
‘काय लिहिलास, वाच की.’
एकतीस वर्षं झाली या झाडाखाली.
वाच म्हणणारी ही पहिली.

वाचलं. दबावापाशी तिनं थांबवलं.
‘ते काय असतंय?’
‘म्हणजे, कुणी जबरदस्ती केली का.’
हसली. तंबाखूनं काळे पडलेले दात.
‘छे गा. माझे तम्मुडु सोन्यासारखे.
जबरदस्ती कशाला करतील?
नाही म्हटलं तर माहेर बंद, एवढंच.
मेल्यावर अंगावर माहेरचं लुगडं लागतं.
ते तुझा कायदा आणतो का?’

मी पाणी प्यायलो.
माझी बहीण अक्कलकोटला असते.
तिचा दस्त मीच टाईप केला, रात्री घरी बसून,
स्टॅम्पचे पैसेही मीच भरले.
वाचून दाखवू का, असं विचारलं होतं बहुतेक.
‘तू लिहिलायस की दादा,’ म्हणाली, आणि सही.
दर पंचमीला येते. मुक्काम करत नाही.

तीन वाजता पुन्हा आत. पुन्हा लाल.
साहेब म्हणाले, शाईचा ठसा घेऊ, पण अर्ज लागेल,
डॉक्टरचा दाखला लागेल, सोमवारी या.
भाऊ एकमेकांकडं बघत राहिले.
‘सोमवारी नाही जमत,’ अक्का म्हणाली,
‘सोमवारी विडी द्यायची असती.’
‘मग मंगळवारी,’ थोरला.
‘बघू,’ ती म्हणाली.

हा शब्द मी दस्तात कधी लिहिलेला नाही.

ती रिक्षाची वाट न बघता चालत सुटली,
भाऊ मागं मागं, मोटरसायकल ढकलत.
साडी राहिली माझ्या टेबलावर.
मोबदला म्हणता येत नाही, दस्तात तसं नाही.
भेट म्हणावी तर ज्याची त्याला पोचली नाही.
छत्रीची सावली सरकली, ऊन काठावर आलं.
रंग उडेल म्हणून मी ती
स्टॅम्पपेपरांवरून उचलून
माझ्या मांडीवर घेतली.