मांडवाचे खांब

द्वारकेच्या गर्दीत बस अडकली आणि नूतनचा फोन:
"वाटेत मिसळ खाऊ नकोस, इथे केलीय.
आणि बूट आणलेस ना?"

साखरपुड्याला बूट?
मी पैठणी आणली होती, गुडघ्याचा पट्टा,
वैजूच्या लेकीसाठी चांदीची वाटी.

गिरणाऱ्याला वैजूच्या दिरांचा मळा.
थंडी अशी की बायका
चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनच बोलत होत्या.
घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली.
एका घडावर खेळाचं पान, उलटं:
अर्धा फलंदाज, अर्धी फर्निचरची जाहिरात.

मोकळ्या पट्ट्यात इसाकभाईंनी
उद्याच्या मांडवाचे दोन खांब
सकाळीच रोवून ठेवले होते.
नूतनने एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजली,
आणि वळून नुसतं पाहिलं आमच्याकडे.

आम्ही सात जणी. शहाण्णवच्या.
दोन जागा भरायला होणारा जावई आणि त्याची बहीण.
पळायला आमची पोरं, आमचे नवरे,
आणि एक केटररचा मुलगा, जो कुणाच्याच हाती लागला नाही.

वराच्या आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या:
"शुभकार्याच्या आदल्या दिवशी
खो कसला घालताय?"
सगळे गप्प. वैजूचा चेहरा उतरला.
रेशमा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली,
"घालत नाही हो आत्या. देतोय."

मग बसलो.
एकीचं तोंड बागेकडे, एकीचं धरणाकडे,
पुन्हा बागेकडे, पुन्हा धरणाकडे.
मी चौथ्या पाटीवर, तेव्हाही तिथेच होते.

तेव्हा म्हणजे गोल्फ क्लबच्या मैदानावर, अंतिम सामना,
नऊ सेकंद उरलेली,
आणि पाठीवर हात पडायच्या आत
मी उठले.
शिट्टी.
एका गुणाने.

त्यानंतर आम्ही भेटलो
पाच लग्नांत, दोन बारशांत,
रामकुंडावर नूतनच्या वडिलांच्या दहाव्याला.
कुणी कधी विषय काढला नाही.
मला वाटायचं, दिसलंच नसेल कुणाला,
निम्म्या जणींची तोंडं तर पलीकडे होती.

आता मागून धापा ऐकू येत होत्या.
अंगठे मातीत रुतवून, मान सरळ ठेवून
मी वाट पाहिली.
थाप पडली, "खो!"
आणि गुडघा म्हणाला, थांब जरा.
पुन्हा थाप. "अगं, खो!"
माझा एक हात जमिनीवर, एक हवेत,
आणि हेमांगी माझ्या डोक्यावर उभी, कमरेवर हात:
"शहाण्णवला लवकर उठलीस,
आज उठतच नाहीस!"

सातही जणी हसल्या.
एकदम, इतक्या पटकन,
जणू ते वाक्य प्रत्येकीच्या तोंडात
तेव्हापासून तयार होतं.
मी हसता हसता मातीतच बसले.
केटररचा मुलगा खांबाला टेकून
आमची वाट पाहत उभा राहिला.

रात्री गुडघ्याला आइस्क्रीमच्या डब्यातला बर्फ.
चंद्रहासभावजींनी मोबाइलवर वेळ लावली होती
ती बंद करायची राहिली,
जेवणं आटोपेपर्यंत घड्याळ धावतच होतं.

रविवारी त्याच खांबांवर झेंडूच्या माळा.
बुंध्याशी रेशमाच्या घसरणीची लांब रेघ,
सारवूनही दिसत होती.
अंगठी घालायची वेळ आली, मुलगी लाजून जागची हलेना.
आत्याबाई मागून गेल्या,
तिच्या पाठीवर हात ठेवला,
आणि फक्त आम्हालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या,
"खो."

ओझर मागे गेल्यावर मी पिशवी उघडली, पट्टा काढायला.
चांदीची वाटी तळाशी तशीच.
ग्रुपवर कळवलं.
धुळ्याला पोचेपर्यंत सहा उत्तरं:
राहू दे. लग्नाला घेऊन ये.
बूटही.