पुरे

परळला, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या उंदीरखान्यात
भुशाचा वास केसांत जाऊन बसतो.
रविवारी न्हाले तरी आई ओळखते.

चौदा नंबर. शेपटीवर पिक्रिकचा पिवळा पट्टा.
मॉर्फिन टोचून अर्धा तास झालेला.
शेपटीचं टोक बावन्न अंशांच्या पाण्यात,
आणि तो दहा सेकंद ढिम्म.
दहाला मीच बाहेर काढते. नियम आहे, पोळायचं नाही.

मग कोपऱ्यातला दिवा.
या दिव्याखाली त्याला कधीच धक्का बसलेला नाही,
पंधरा दिवसांत एवढं त्याला पाठ झालंय.
दिवा म्हणजे, आता काही होणार नाही.
पुन्हा पाणी.
तीन सेकंद, आणि झटका.
रक्तात औषध होतं तेवढंच आहे.

वहीत लिहिते, कोलेसिस्टोकायनिन.
तांडेलमामांपुढे एवढं लांबलचक नाव घेत नाही.
सांगते, हा मूळचा आतड्यातला निरोप्या,
चार घास गेले की वर कळवतो, पुरे.
मेंदूतही त्याचं एक बिऱ्हाड आहे.
दिवा लागला की तिथून तो अफूला म्हणतो,
पुरे.

"आणि त्यालाच अडवला तर?"
तर दिवा लागूनही शेपूट गप्प.
बुधवारच्या पानावर आहे, सहापैकी पाच.

मामा पिंजरा घासत होते, ते थांबले.
वरळीचे. होडी विकून इथे लागले.
"दोरानं तळवा फाटला होता एकदा,
हा बघ, इथून इथवर.
इंजिन बंद, रातभर वल्हं मारत होतो,
हात आपला आहे हेच ठाऊक नाही.
पहाटे धक्क्यावरचा दिवा दिसला
आणि जी आग सुटली, गो,
पोरासारखा रडलो. भाऊ म्हणाला,
आता कशाला रडतोस, आलो की घरी."

ब्रश पुन्हा जाळीवर फिरू लागला.
नमुना एक, तुलनेला कोणी नाही,
या गोष्टीला माझ्या वहीत रकाना नाही.

पंधरा नंबर काढला.
चारही पायांनी त्यानं माझं बोट धरलं,
मॉर्फिनमुळे जरा जड, जरा कोमट.
दिव्याच्या बटणाशी हात गेला होता.
तो तसाच मागे घेतला,
आणि थोडा वेळ त्याला अंधारात धरून बसले.

वहीत ती दोन मिनिटं नाहीत.