दोन टिंबं

लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भातगिरणी,
तिथल्या वाळवण-यंत्राशेजारी माझा पडदा:
एक गोल, एक काटा, खाली ओलाव्याचा आकडा.
काट्याला मी आकडा दिलाच नव्हता.
एवढंच लिहिलं होतं,
काटा : यंत्राच्या पोटातला ओलावा.
मधे दोन टिंबं.
पोटात हललं की काटा हलेल,
मी कुठेही असो, झोपलेली का असेना.

मंडईच्या दिवशी मालकाने पाहुणे आणले.
यंत्र थंड, धान अजून बांधीत,
आणि काटा शून्यावर पडलेला,
उन्हातल्या कुत्र्यासारखा.
बरं दिसावं म्हणून पाच मिनिटांपुरतं लिहिलं,
काटा = चौदा.
मधे दोन रेघा.
फोटो निघाले, चहा झाला,
शंकरपट कुठल्या गावी आहे यावर बोलणं गेलं.
मीही गेले.

आठवड्याने फोन.
"म्याडम, काटा मेला हाये तुमचा."
"चौदा दाखवतोय ना दसरूभाऊ? चौदाच हवाय."
"काटा दाखवते चौदा. दात म्हणते ओला हाये."
दाणा दाढेखाली धरून तो ऐकतो,
कट वाजला तर वाळला, दबला तर नाही.
बावीस वर्षांत दाढ झिजली, ऐकणं नाही.

घाईत मी दुरुस्त केलं.
म्हणजे एक जुना आकडा होता जपलेला, एकोणीस,
तो उचलून परत जागेवर ठेवला.
पहिल्यासारखा दिसला,
म्हणून पहिल्यासारखा झाला असं धरलं.
दसरूभाऊ त्या रात्री सुटीवर.
बदलीचा पोरगा एकोणीसकडे बघत जाळ घालत राहिला
आणि सकाळी सव्वीस पोती धान
गिरणीतून कणी होऊन पडलं.

मग मी स्वतःच आले, बसने, लॅपटॉप मांडीवर.
"बाइंडिंग तुटली होती," मी म्हटलं.
"बांधी?" तो म्हणाला. "बांधी नाई तुटत. पार तुटते."
आणि पोत्यावर बसून मला सांगू लागला,
लहान पोरीला सांगावं तसं:
पुढच्या बांधीत पाणी न्याचं तं पार फोडाच लागते.
फोडा ना. पर चिखलाचा गोळा तिथंच ठेवा, बाजूले.
पाणी गेलं का तोच गोळा थापा.
"तुम्ही का केलं? बादलीनं पाणी आणून भरलं
अन् तोंड तसंच उघडं ठेवलं."

पुण्यात तीन बैठका झाल्या होत्या यावर.
"हो ना जी," मी म्हटलं, "तसंच झालं,"
आणि माझ्याच तोंडातला तो 'जी' ऐकून थबकले.
सात वर्षं त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

रात्री नवीन लिहिलं.
जोवर पाहुणे आहेत, तोवर चौदा.
पाहुणे उठले की जे होतं ते.
होता तो आकडा नव्हे, तो तर शिळा झालेला असतो.
होतं ते कान लावून बसणं.
तात्पुरत्याला त्याची हद्द सांगितली,
आणि खालची दोन टिंबं मी पुसलीच नाहीत,
फक्त झाकली.

पहाटे हमाल आले. त्यातला परसराम
रात्रभर नाटकात राजा होता,
कानामागे पावडर, डोळ्यांत काजळ उरलेलं.
पहिलं पोतं पाठीवर घेताना
त्याने कुणाला काही विचारलं नाही.

मी चौदा लावून पाहिलं. काढलं.
काटा क्षणभर थरथरला,
मग सतरा पूर्णांक दोनवर गेला, माझ्याशिवाय.
सतरा पूर्णांक एक.
सतरा.
"आता जिता झाला," दसरूभाऊ म्हणाला
आणि तरीही झडपेतून मूठभर धान काढून
एक दाणा दाढेखाली धरला.